पाचवं दार नसलेलं गाव

'पोकेमॉन रेड' किंवा 'ब्लू'मध्ये तुम्ही दारातून आत जाता, बाहेर येता, गुहेत उतरता, जिना चढता. दर वेळी स्क्रीन क्षणभर विझते आणि दुसरा नकाशा समोर येतो. या उडीला खेळणारे वॉर्प म्हणतात. ही उडी भलतीकडे पडली, की तो झाला वॉर्प ग्लिच. यूट्यूबवर अशा ग्लिचच्या कृती ढिगानं सापडतात: इथे जा, हे बटण दाबा, इतकी पावलं चाला, झालं. कृती पाळली तर काम होतं. पण एक पाऊल चुकलं तर नेमकं काय बिघडलं हे कळत नाही, आणि दुसऱ्या गेममध्ये तर त्या कृतीचा काडीचाही उपयोग होत नाही. म्हणून या लेखात कृती कमी आहेत आणि दाराची आतली रचना जास्त आहे. ती एकदा समजली की कृती तुम्हीच लिहू शकाल.

उदाहरणासाठी ही गेम निवडली, कारण तिचं पोट पूर्ण उघडं आहे. जपानमध्ये ती १९९६ साली आली, अमेरिकेत १९९८ साली. हौशी मंडळींनी तिचा सगळा कोड यंत्रभाषेतून उलगडून 'पोकेरेड' या नावानं खुला ठेवला आहे, त्यामुळे कुठलं दार कुठे उघडतं हे अंदाजानं ठरवावं लागत नाही. आपल्याकडे अनेकांनी ही गेम संगणकावर इम्युलेटरमध्येच पाहिली. खाली जे सांगितलं आहे ते इंग्रजी रेड आणि ब्लूपुरतं धरा. यलोमध्ये मेमरीतले पत्ते थोडे सरकलेले आहेत, आणि जपानी आवृत्त्यांचा हिशेब वेगळा आहे.

आधी दार पाहू. गेममधल्या प्रत्येक नकाशाला क्रमांक आहे. पॅलेट टाउन ०, व्हिरिडियन १, फ्युशिया ७, सिनाबार ८, तुमच्या घराचा तळमजला ३७, आणि लीग जिंकल्यावर जिथे नेतात तो हॉल ऑफ फेम ११८. नकाशाबरोबर त्यातल्या दारांची यादी येते आणि यादीतली प्रत्येक नोंद चार बाइटांची असते: दार उभ्या दिशेनं कुठे आहे, आडव्या दिशेनं कुठे आहे, पलीकडे कोणता नकाशा आहे आणि त्या नकाशातल्या कितव्या दाराशी उतरायचं. दाराला एवढंच माहीत असतं. पलीकडे गाव आहे की गुहा, तिथे तेवढी दारं आहेत की नाहीत, याची चौकशी ते करत नाही.

यात एक खास सोय आहे, आणि सगळी गंमत तिच्यातच आहे. घरं, दुकानं, पोकेमॉन सेंटर यांच्या बाहेर पडायच्या दारांवर गावाचा क्रमांक सहसा लिहिलेलाच नसतो. तिथे २५५ लिहिलेलं असतं, आणि २५५चा अर्थ 'जिथून आत आलास तिथे परत जा'. त्यासाठी तुम्ही उघड्यावरच्या नकाशातून कुठेही आत शिरलात की गेम त्या नकाशाचा क्रमांक एका बाइटमध्ये टिपून ठेवते. बाहेर पडताना तो बाइट वाचला जातो. म्हणजे घराचं दार गावाकडे उघडत नाही, त्या बाइटमध्ये जो आकडा असेल तिकडे उघडतं. या बाइटला आपण 'मागचा नकाशा' म्हणू. पुढे तो पुन्हा पुन्हा येणार आहे.

आता उतरायची बाजू. नवा नकाशा आला की गेम त्याच्या उतरण्याच्या जागांचा तक्ता काढते आणि दारानं सांगितलेल्या क्रमांकाची नोंद उचलते. हीसुद्धा चार बाइटांची. दोन बाइट सांगतात की नकाशाचा कोणता भाग स्क्रीनवर काढायचा, उरलेले दोन सांगतात की तुम्हाला कुठे उभं करायचं. तक्त्यात तीनच नोंदी असल्या आणि दारानं पाचवी मागितली, तर गेम अडत नाही. तक्ता जिथे संपला त्याच्या पुढचे बाइट पाचवी नोंद समजून वाचते. एसटीच्या वाहकाला 'पाचव्या थांब्यावर उतरवा' सांगावं आणि गाडी तीन थांब्यांच्या मार्गाची निघावी, तसं हे आहे. फरक इतकाच, की हा वाहक शेवटच्या थांब्यापुढे रस्ता नसला तरी गाडी नेतो आणि मोजून दोन थांबे पुढे तुम्हाला उतरवतो.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर सफारी झोनचा ग्लिच सगळ्यात सोपा. तयारी फार नाही. संघात फ्लाय येणारा एक पोकेमॉन हवा, फ्लाय वापरायला लागणारा बॅज हवा, आणि प्रवेशाचे ५०० हवेत. इम्युलेटरवर असाल तर सेव्ह फाइलची एक प्रत आधीच बाजूला काढा. खऱ्या कार्ट्रिजवर असाल तर जिवापाड जपलेल्या जुन्या सेव्हवर हा खेळ करू नका. त्या सेव्ह कार्ट्रिजमधल्या बटण सेलच्या भरवशावर टिकलेल्या असतात. सेल आधीच म्हातारा झालेला, त्यात तुमचा ग्लिच.

फ्युशियामधल्या सफारी झोनच्या फाटकात पैसे भरून आत जा. लगेच मागे फिरा. फाटकातला माणूस विचारेल, इतक्यात निघालात? त्याला 'नाही' म्हणा, तो तुम्हाला परत आत पाठवेल. आता आतच गेम सेव्ह करा, बंद करा आणि पुन्हा सुरू करा. परत फाटकाकडे गेलात की तोच माणूस, तुम्ही आत्ताच पहिल्यांदा आल्यासारखा, सफारी खेळणार का असं विचारेल. पुन्हा 'नाही'. आणि तुम्ही सरळ बाहेर पडाल. झालं असं, की माणसाच्या लेखी तुम्ही अजून आत गेलेलाच नाहीत, पण 'सफारी चालू आहे' ही गेमच्या आतली खूण मात्र पुसली गेलेली नाही. पावलांची उलटी मोजणी तुमच्याबरोबर गावात आली आहे.

इथून फ्लायनं पॅलेट टाउनला जा आणि रस्त्यावर येरझारा घाला. वाटेत एस्केप रोप किंवा डिग वापरू नका, त्यांनी सफारीची खूण पुसली जाते आणि सगळं पहिल्यापासून करावं लागतं. पाचशेच्या आसपास पावलं झाली की भर रस्त्यात सफारीची घोषणा होते, वेळ संपली, आणि तुम्ही थेट फ्युशियाच्या त्या फाटकात येऊन पडता. आता फाटकाच्या दारातून बाहेर पडा.

या दारावर लिहिलेलं आहे: मागचा नकाशा, दार क्रमांक ५. फ्युशियाच्या यादीत पाचवं दार म्हणजे हेच फाटक, त्यामुळे एरवी सगळं सुरळीत चालतं. पण वेळ संपली तेव्हा तुम्ही पॅलेटमध्ये उघड्यावर होतात, म्हणून 'मागचा नकाशा' आता पॅलेट झाला आहे. पॅलेटला दारं तीनच: तुमचं घर, प्रतिस्पर्ध्याचं घर आणि प्रोफेसर ओकची प्रयोगशाळा. पाचवी नोंद तक्त्याबाहेरून उचलली जाते. उभं राहायची जागा भलतीच, चित्र काढायचा भागही भलताच. समोर दिसतं ते अर्धवट भिंती, मध्येच पाणी, मध्येच आकडे किंवा अक्षरं, तुटकी छपरं. ग्लिच सिटी म्हणतात ते हेच. पण ते शहर कुठे साठवलेलं नाही, कोणी बनवलेलंही नाही. पॅलेटच्या नकाशाबाहेरच्या मेमरीला गेम नकाशा समजते आहे, इतकंच.

बाहेर पडायचं तर फ्लाय वापरा. इथे फ्लाय चालतो, कारण गेमच्या हिशेबानं तुम्ही अजूनही पॅलेटमध्ये, उघड्यावर आहात. फ्लायला उतरायच्या जागांचा स्वतःचा तक्ता आहे, दारांच्या यादीशी त्याचा संबंध नाही. म्हणून पॅलेटहून पॅलेटलाच उडालात तरी सगळं जागेवर येतं. ग्लिच सिटीत गेम सेव्ह करू नका. संघात फ्लायवाला नसताना तिथे सेव्ह केली तर ती सेव्ह गेली असं समजा.

आता खरी परीक्षा. तोच प्रयोग पुन्हा करा, फक्त पावलं पॅलेटऐवजी सिनाबारच्या जमिनीवर संपवा. सिनाबारला दारं पाच आहेत आणि यादीत पाचवं आहे मार्टचं. या वेळी ग्लिच सिटी लागत नाही. फ्युशियाच्या फाटकातून पाऊल बाहेर टाकलं की तुम्ही सिनाबारच्या मार्टसमोर उभे असता, सगळं शांत, जणू काही झालंच नाही. माझ्या मते हा दुसरा प्रयोग पहिल्यापेक्षा जास्त शिकवतो, पण त्याचे व्हिडिओ कोणी करत नाही, कारण दाखवायला काही विचित्र नसतं. दुसरं एखादं गाव घेऊन पाहायचं असेल तर आधी अंदाज बांधा, मग चाला. दारांची संख्या गावात फिरून मोजता येते. त्यांचा क्रम मात्र नजरेनं कळत नाही, त्यासाठी पोकेरेडमधली त्या गावाची फाइल उघडावी लागते.

सफारीच्या ग्लिचमध्ये आपण 'मागचा नकाशा' आडवाटेनं बदलला: गेमलाच तो चुकीच्या वेळी लिहायला लावलं. तो बाइट थेट हातानं बदलता आला तर? येतो, आणि स्पीडरन करणारे लोक नेमकं तेच करतात. तुमची पिशवी २० वस्तूंची असते. पण किती वस्तू आहेत हे सांगणारा एक बाइट पिशवीच्या सुरुवातीला असतो आणि यादी दाखवताना गेम फक्त त्याच्यावर विश्वास ठेवते. तो २५५ झाला की यादी खाली खाली सरकतच जाते. विसाव्या जागेच्या पुढे दिसतात त्या वस्तू नसतात. पिशवीनंतरची मेमरी जोडी-जोडीनं वाचून गेम तिला वस्तू आणि नग अशी नावं देत असते.

इथे जरा थांबून बघण्यासारखं आहे. पस्तिसाव्या जागेवरची वस्तू म्हणजे प्रत्यक्षात तुमची आडवी जागा, म्हणजे डावीकडून तुम्ही कितव्या घरात उभे आहात तो आकडा. मोजणी शून्यापासून होते. एक क्रमांकाच्या घरात उभे राहून पिशवी उघडा, पस्तिसाव्या जागी मास्टर बॉल दिसेल, कारण वस्तूंच्या यादीत मास्टर बॉलचा क्रमांक १ आहे. पिशवी बंद करा, एक पाऊल उजवीकडे टाका, पुन्हा उघडा: अल्ट्रा बॉल. आणखी एक पाऊल: ग्रेट बॉल. मग साधा पोके बॉल, मग टाउन मॅप, मग सायकल. तुम्ही चालत आहात आणि पिशवीतली वस्तू बदलते आहे. तेहतिसाव्या जागेवरची वस्तू म्हणजे तुम्ही सध्या ज्या नकाशात आहात त्याचा क्रमांक, चौतिसाव्या जागेचे नग म्हणजे उभी जागा. आणि छत्तिसाव्या जागेचे नग म्हणजे आपला ओळखीचा बाइट, 'मागचा नकाशा'.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. पिशवीतल्या वस्तू फेकून देता येतात, सिलेक्ट दाबून त्यांची जागा बदलता येते. या दोन क्रिया या वेळी पिशवीवर चालत नाहीत, मेमरीवर चालतात. छत्तिसाव्या जागेचे नग ११८ करा आणि घराच्या दारातून बाहेर पडा. दारावर लिहिलं आहे, मागचा नकाशा, दार क्रमांक १. मागचा नकाशा आता हॉल ऑफ फेम. तिथे पहिलं दार आहेच, त्यामुळे उतरण्याची नोंद खरी निघते आणि ग्लिच सिटीसारखा चुरा होत नाही. आईशी न बोलता, एकही पोकेमॉन न निवडता, खेळाडू घरातून निघून थेट शेवटच्या खोलीत पोचतो आणि गेम संपते. अनेक तासांची गेम काही मिनिटांत कशी संपवतात याचं उत्तर एवढंच आहे. बोटांची चपळाई यात असते, पण मूळ काम दाराच्या त्या २५५नं करून ठेवलेलं असतं.

पिशवीचा आकडा २५५ करण्याच्या वाटा अनेक आहेत. सगळ्यात लवकरची वाट सेव्ह बिघडवण्याची. सुरुवातीच्या स्क्रीनवर वर, सिलेक्ट आणि बी एकत्र दाबून जुनी सेव्ह पुसली की ती मेमरी २५५नं भरून टाकली जाते. मग नवी गेम सुरू करायची, सेव्ह करायची, आणि सेव्ह होत असताना नेमक्या क्षणी यंत्र बंद करायचं. काही भाग नवा लिहिला जातो, पोकेमॉनच्या संघाचा भाग जुनाच राहतो, म्हणून गेमला वाटतं की संघात २५५ पोकेमॉन आहेत. त्या न संपणाऱ्या संघातल्या दोन जागा आपसात बदलल्या की मेमरीचे मोठे तुकडे इकडचे तिकडे होतात आणि पिशवीचा आकडा त्यात सापडतो. तो क्षण फार छोटा असतो आणि हुकला की पुन्हा पहिल्यापासून. शिकायला हे इम्युलेटरवरच बरं. खऱ्या कार्ट्रिजवर पहिलीच पायरी सेव्ह पुसण्याची आहे, हे विसरू नका.

प्रत्येक वॉर्प ग्लिचमध्ये दारच चुकतं असं नाही. मेवच्या प्रसिद्ध ग्लिचमध्ये उडी अगदी बरोबर जागी पडते, चुकतं ते मागे राहिलेलं काम. रूट ८वर भुयारी वाटेच्या तोंडाशी एक जुगारी उभा असतो. त्याच्या नजरेच्या टप्प्यात पाऊल टाकताना, तो स्क्रीनवर येतो त्याच क्षणी स्टार्ट दाबून फ्लायनं सेरुलियनला निघून जायचं. लढाई ठरली पण झाली नाही, आणि रूट ८च्या खात्यात ती अजून बाकी आहे. सेरुलियनच्या उत्तरेला रूट २५वर स्लोपोक घेऊन उभा असलेला मुलगा आहे, त्याच्याशी लढा. त्याआधी तुम्ही त्याला हरवलेलं नसावं, आणि तो चालत तुमच्यापर्यंत यायला हवा, म्हणजे अंतर ठेवून त्याच्या नजरेत या. अगदी त्याच्याजवळ जाऊन उभे राहिलात तर गेम अडकते. त्या स्लोपोकचा स्पेशल हा आकडा २१ आहे, तो मेमरीत राहतो. नंतर फ्लायनं लॅव्हेंडरला जाऊन पायी रूट ८वर आलात की मेनू आपोआप उघडतो. तो बंद करा, बाकी राहिलेली लढाई सुरू होते, आणि समोर कोण असावं हे त्या २१वरून ठरतं. गेमच्या आतल्या मोजणीत २१ क्रमांकाचा पोकेमॉन म्हणजे मेव.

मेमरीतला आकडा न तपासता खरा मानण्याचा हा विश्वास दहा वर्षांनंतरच्या पोकेमॉन गेममध्येही गेलेला नव्हता. 'डायमंड' आणि 'पर्ल' २००६ साली जपानमध्ये आल्या. तिथे जगाचे ३२ गुणिले ३२ घरांचे चौकोनी तुकडे केलेले असतात आणि कोणत्या तुकड्यात कोणता नकाशा हे एका जाळीवर लिहिलेलं असतं. खोल्यांची जाळी छोटी असते. पहिल्या जपानी आवृत्तीत एलिट फोरमधल्या पहिल्या खोलीच्या दाराशी उभं राहून सर्फ वापरता येत असे आणि खेळाडू दारातून पलीकडच्या काळ्या पोकळीत तरंगत जाई. पोकळीत जाळी संपलेली असते, तरी गेम पुढचे बाइट नकाशा म्हणून वाचत राहते, अगदी पॅलेटच्या पाचव्या दारासारखी. मोजून पावलं टाकली की डार्कराय किंवा शेमिनच्या जागी पोचता येई. पण पावलं मोजण्यात चूक झाली आणि तिथेच सेव्ह केली, तर परत येणं मुश्कील होई. शेवटी निन्टेंडोनं जपानमध्ये दुकानांतल्या डाउनलोड केंद्रांवरून दुरुस्ती वाटली. पुढे बाहेरच्या देशांतल्या आवृत्त्यांत सर्फची ती फट बुजवलेली होती. तिथे लोकांनी वेगळी वाट काढली: सायकलवरून वेगानं तुकड्यांच्या कडा ओलांडायच्या, म्हणजे नवा तुकडा पुरता उतरायच्या आधीच तुम्ही पुढे गेलेले असता.

दुसऱ्या कुठल्या गेमची कृती हातात पडली तर तिच्यातल्या पायऱ्यांपेक्षा एक गोष्ट आधी शोधा: हे दार कुठला आकडा वाचतं आणि तो आकडा शेवटी कोणी लिहिला. कृतीत 'इथे सेव्ह करून बंद करा' असं आलं, तर कुठली तरी खूण पुसायची आहे आणि कुठली तरी टिकवायची आहे. 'ठरावीक पावलं चाला' आलं, तर एक तर मोजणी संपवायची आहे किंवा तुमची जागा हाच आकडा म्हणून वापरायचा आहे. 'या वस्तूचे इतकेच नग ठेवा' आलं, तर पिशवीला मेमरीची खिडकी केलेलं आहे. कारण न देता नुसत्या पायऱ्या सांगणारी कृती दिसली, तर निदान गेमची भाषा आणि आवृत्ती तरी तपासून घ्या. कृती फसतात त्या बहुतेक वेळा इथेच, कारण आवृत्ती बदलली की मेमरीतले पत्ते सरकतात आणि छत्तिसाव्या जागी भलताच आकडा येऊन बसतो.